नाही म्हणायला वेळ

सोमवार, ३ तारीख

बाळा,

वर आधी चिरंजीव लिहिलं होतं, मग खोडलं. ते वाचून तू म्हणशील, झालं, पहिल्याच शब्दाला आयुष्याची काळजी. म्हणून नुसतं बाळा.

मी तुझ्याकडे यायला निघालोय. उद्या दारात उभा राहणार नाही, तेव्हा बिचकू नकोस. बसने निघालो असतो तर सकाळी बसून दुपारी पोचलो असतो, आणि तू दार उघडतोस तर समोर मी. तोंडावर नाही म्हणणं तुला जमत नाही, तू लहानपणापासून भिडस्त. म्हणून मी पळत येतोय. समुद्राच्या कडेने जुना रस्ता जातो, त्या रस्त्याने. आठ-दहा दिवस लागतील. पत्र माझ्या आधी पोचेल आणि तुला नाही म्हणायला वेळ मिळेल.

पळत हे वाचून हसू नकोस. नोकरी संपल्यावर डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं. चालायला गेलो की अर्ध्या वाटेत मनात यायचं, गॅस चालू राहिला. मग परतताना पाय उचलायचो. असं करता करता पळता यायला लागलं. गॅस रोज बंदच असायचा, पण पाय तयार झाले. तीस वर्षं लिफ्ट चालवली, जन्मभर वर गेलो नि खाली आलो, आडवा कधी गेलोच नाही. आता पाय चल म्हणताहेत तर जाऊ दे म्हटलं.

त्या जुन्या प्रकरणावर मला काही लिहायचं नाही. एवढंच सांगतो की रीत आपल्या घराची होती, माझ्या एकट्याची नव्हती. तुझी आई गेल्यापासून घरात माणसं दोन, एक बाहेर आणि एक फोनजवळ. बाहेरच्याने पोचल्यावर दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचं, घरच्याने उचलायचं नाही. तू बर्फाच्या कारखान्यात रुजू व्हायला गेलास त्या संध्याकाळी रिंग आली नाही. सकाळपर्यंत आली नाही. बापाने काय करावं? पोलिसांत कळवलं. त्यांनी कारखान्यातल्या बर्फाच्या खोल्यांची सगळी दारं उघडून तुला शोधलं, त्यात बर्फाचं पाणी झालं आणि पहिल्याच दिवशी तुझं नाव हरवलेला पडलं, याला मी काय करू? तू म्हणतोस, मी रिंग दिली होती, फोन एंगेज होता. होता. पण मी तो कशासाठी अडवून बसलो होतो? तुझी बस पोचली का, हे स्टँडवर विचारायलाच ना?

चार वर्षं झाली. 'बाबा, आता मला शोधू नका,' असं तू म्हणालास ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आत्यालासुद्धा नाही.

शनिवारी मी दीपगृहाच्या गावात असेन. तिथल्या टपाल कचेरीच्या पत्त्यावर एक कार्ड टाक. येऊ नका, एवढं लिहिलंस तरी पुरे, खाली सही नको. तिथूनच बसने माघारी फिरेन, रागावणार नाही. थोडा रागावेन, पण ते तुला कळवणार नाही. आणि या म्हणायचं असलं तरी लिही. मी धरून चालणार नाही.

गॅस बंद केलाय. दोनदा बघितला.

बाबा


गुरुवार, ६ तारीख

बाळा,

आज काहीच झालं नाही. तरी लिहितोय. नाहीतर असा एक दिवस होऊन गेला हे मला आणि समुद्राला सोडून कुणालाच कळायचं नाही.

उजाडता उजाडता निघालो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला मिठागरं, मधून रस्ता. माझं पळणं फार डोळ्यांपुढे आणू नकोस. म्हातारा बैल घराकडे वळला की दुडकतो, तसं आहे ते. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. पाठीला पिशवी. तीत रेनकोट, पट्ट्या, बॅटरी, पाव, केळी, साखर अचानक उतरली तर गोळ्या, आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी पडलो-बिडलो तर वाजवायला. ती ऐकायला कोण असणार, हे दुकानात घेताना सुचलं नव्हतं. आज सुचलं.

खिशात एक चिठ्ठी आहे. नाव, रक्तगट, मधुमेह आहे, आणि खाली काही झाल्यास कळवावे. तिथे आधी तुझ्या कारखान्याचा नंबर घातला होता. मग वाटलं, माझं काही बरंवाईट झालं की परत पोलीस तुझ्या गेटवर, परत सगळे जमणार, परत हरवलेला. म्हणून तो खोडला आणि आपल्या घरचा घातला. आता मला काही झालं तर ते माझ्या घरी कळवतील.

सकाळभर मी काहीतरी होण्याची वाट बघत होतो. ढग होते, म्हटलं पाऊस येणार. आला नाही. डावा गुडघा काल कुरकुरत होता, म्हटलं आज धरणार. धरला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण आज मनाने कितीही चिंतलं तरी वैऱ्याला उठून यायचा कंटाळा आला होता. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध एक दांडगं कुत्रं पसरलं होतं. मी थांबलो, पिशवीतला पाव काढून हातात धरला, अंग चोरून कडेने निघालो. त्याने एक डोळा उघडला नि मिटला. पुढे गेल्यावर मला चैन पडेना. अनोळखी माणूस पळत जातोय आणि कुत्रं भुंकत नाही, म्हणजे आजारी तर नसेल? मागे फिरून बघून आलो. घोरत होतं.

मिठागरात एक बाई फावड्याने मीठ ओढत होत्या. माझ्याच वयाच्या असतील, डोक्याला फडकं बांधलेलं. मला बघून फावडं टेकवून उभ्या राहिल्या.

'अहो, कोणी मागे लागलंय का?'

'नाही.'

'मग कोणाच्या मागे लागलाय?'

'मुलाच्या.'

त्यांनी रस्त्याकडे दूरवर बघितलं. 'दिसत तर नाही कुठे.'

'तो पुढे आहे. बर्फाच्या कारखान्यात.'

'मग पळताय कशाला? कारखाना काय उठून जाणार आहे?'

मी म्हटलं, मुलगा उठून जाईल ना. त्या हसल्या आणि पुन्हा फावडं हातात घेतलं. 'आमचा तर घरातच असतो,' म्हणाल्या. 'तरी सापडत नाही.'

त्यांच्याशी अजून थोडं बोललो असतो, पण त्यांचं ऊन चाललं होतं. मीठ थांबत नाही म्हणाल्या.

त्यानंतर दुपारपर्यंत माणूस नाही. बसचा एक पडका निवारा होता, त्यात बसून पाव खाल्ला. बाकावर कुणीतरी खिळ्याने दोन नावं कोरून ठेवली होती, त्यातलं एक पुन्हा खरवडून काढलं होतं. बुटातली वाळू झाडली, मोजे उलटे करून पुन्हा घातले. फोड नाही. पाणी पुरेसं. समुद्र असा पडला होता की जणू त्याला आज सुट्टी.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्याजवळची काळजी संपली. खरं सांगतो. एकेक काढून बघितली, एकही चालेना. तुला वाटेल बरं वाटलं असेल. नाही वाटलं. आमच्या इमारतीत वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकायची. आतले साहेबलोक घामाघूम व्हायचे, दार बडवायचे, आणि मी, ज्याला घरी दुधाचं भांडं उतू गेलं तरी धडधडतं, तो मी त्यांना सांगायचो, काही झालेलं नाही, नुसतं थांबलंय. मला तेव्हा कधी भीती वाटली नाही. आज त्या निवाऱ्यात तसंच होतं, काही झालेलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. पण ते सांगायला आत दुसरं कुणी नव्हतं, आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं.

मग वाटलं, असाच दिवस तू मागत होतास. कुणी विचारत नाही कुठपर्यंत आलास, जेवलास का, अंगावर जाड कपडा आहे का. निघालास तरी कुणाला पत्ता नाही आणि पोचलास तरी नाही. म्हटलं बघू तरी, पोराला यात काय गोड लागतं. दुपारभर मी तसा पळालो. खांब मोजले नाहीत, चिठ्ठी चाचपली नाही, मागून गाडी आली तर वळून बघितलं नाही. अर्धा तास बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हात मोकळे हलत होते. वारा अंगावरून जात होता आणि तो गार आहे की बाधेल, असं काही मनात आलं नाही. नंतर मात्र फार एकटं वाटलं. तू तरुण आहेस, तुला तो अर्धा तास दिवसभर पुरत असेल. मला पुरला नाही.

संध्याकाळी या गावात पोचलो. एका हार्डवेअरच्या दुकानावर खोली भाड्याने मिळाली. खाली रंगाचे डबे, वर मी. जिन्यात टर्पेंटाइनचा वास, काडी ओढायची सोय नाही, म्हणून खोलीत चहा करता येत नाही. दुकानाची मालकीण गल्ल्यावरच बसते आणि गिऱ्हाईक नसलं की खिळे आकाराप्रमाणे वेगळे करते. तिच्याकडून फोन केला. आपल्या घरचा नंबर लावला, दोन रिंगा होऊ दिल्या, ठेवला. सोमवारपासून रोज करतोय.

ती म्हणाली, 'लागला नाही का? परत लावा.'

'लागला.'

'मग बोलला नाहीत ते?'

'घरी कुणी नसतं.'

तिच्या हातात खिळा होता तो तसाच राहिला. 'मग फोन केलात कोणाला?'

आता काय सांगणार? घराला, म्हटलं. पोचलो म्हणून. थोड्या वेळाने तिने दोन उकडलेली अंडी वर पाठवून दिली.

मी आपला विचार करत होतो, तिकडे कुलूपबंद खोलीत फोन वाजला असेल. पडदे ओढलेले, पलंगावर चादर घातलेली, आणि त्यात दोन रिंगा. शेजाऱ्यांना ऐकू गेल्या असतील तर म्हणतील, म्हातारा उचलत का नाही.

उद्या हे पेटीत टाकतो. यात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हे बघून घे. पाय शाबूत आहेत.

बाबा


शनिवार, ८ तारीख

बाळा,

दीपगृहाच्या गावात पोचलो. टपाल कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो होतो.

कारकून भला माणूस, पण मला फार वेळ सोसायची त्याची तयारी नव्हती.

'आजोबा, तुमच्या नावाचं काही नाही.'

'परत एकदा बघता का?'

'बघितलं परत.'

'खालच्या कप्प्यात?'

'खालच्या कप्प्यात माझा डबा आहे.'

दुपारच्या टपालाची वाट बघितली. त्यातही नाही. येऊ नका नाही आणि या पण नाही. नको असतो तर कळवलं असतंस असं एकदा वाटतं. लगेच वाटतं, इतका नकोसा झालोय की कार्डाचाही त्रास घ्यावासा वाटला नाही.

कारखान्यात मी फोन केलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. समोरच फोन होता, मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. तुमच्या गेटवरच्या वॉचमनचा घसा फार बसलाय, त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांग. बर्फाजवळचं काम, दुखणं अंगावर काढू नये. आणि माझं पहिलं पत्र तुला बुधवारी मिळालं, तू ते घडी घालून खिशात ठेवलंस, जेवायच्या सुट्टीत तू खोलीवर जातोस, हे सगळं मी अंदाजाने लिहितोय. तुला लोक अजून हरवलेला म्हणतात, पण आता ते प्रेमाने म्हणत असावेत असंही मला अंदाजानेच वाटतं.

बस स्टँडवर आपल्याकडे जाणारी गाडी उभी होती. मी चढलो. खिडकीजवळ बसलो. मग उतरलो, मग पुन्हा चढलो. कंडक्टर म्हणाला, 'काका, येताय की राहताय? एक काय ते ठरवा.'

'ठरत नाही हो.'

'मग उतरा. ठरलं की या, गाडी रोज आहे.'

उतरलो. गाडी गेली. मी तिच्या धुरात उभा राहून विचार केला की नाही म्हणायला तुला जेवढा वेळ दिला तेवढा कदाचित कमी पडला असेल. माणूस एकदम नाही म्हणत नाही, आधी मनाशी घोळवतो. तेव्हा आणखी चार दिवस घे. मी बुधवारी दुपारी पोचेन. दार एकदाच वाजवेन. उघडलं नाहीस तर जिना उतरून सरळ स्टँडवर जाईन. पुन्हा वाजवणार नाही, खालून हाक मारणार नाही, शेजाऱ्यांना विचारणार नाही. पोलिसांचं तर नावच नको.

तुला माझा भरवसा वाटत नसेल. मलाही वाटत नाही. पण मी तसं करणार आहे.

बाबा


बुधवार, १२ तारीख, तुझ्या खोलीत

बाळा,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. टेबलावर पेल्याखाली ठेवतोय. तू दुपारी इथेच होतास, जे झालं ते तुलाही ठाऊक आहे, तरी लिहितो. समोरासमोर आपण बोललो त्यातलं निम्मं बादली, टॉवेल आणि साखर किती यावरच गेलं.

मी एकदाच वाजवलं. तू उघडलं नाहीस. मी किती वेळ थांबलो ते सांगत नाही, तुला वाटेल फारच थांबलो. मग जिना उतरायला लागलो. कठड्याला धरून उतरत होतो. अर्ध्यावर आलो तेव्हा वर दार वाजलं.

'थांबा की,' तू म्हणालास. 'तोंडाला साबण होता.'

मी खालूनच म्हटलं, 'एकदाच वाजवणार असं लिहिलं होतं ना.'

'लिहिलं म्हणून काय झालं? माणसाने तोंड धुवायचं नाही?'

मग तू खाली आलास आणि माझ्या पाठीवरची पिशवी काढून घेतलीस. 'बसने यायचं होतं,' एवढंच म्हणालास. मी कारण सांगायला लागलो तर म्हणालास, 'माहीत आहे. वाचलंय.'

तू बारीक झालास. हे बोललो नव्हतो, म्हणून लिहितो. केस कानावर पिकलेत, ते तुझ्या आईकडचं.

खोलीत आल्यावर तू मला खुर्चीत बसवलंस आणि मोरीतून थर्मास आणलास. त्यात बर्फ होता. फडक्यात गुंडाळून तू तो माझ्या डाव्या गुडघ्यावर बांधलास. कुठला गुडघा, हे विचारलं नाहीस. मी मनात हिशोब केला. बर्फ काही आठवडाभर ठेवून देता येत नाही. म्हणजे तो तू आज सुट्टीत येतानाच आणला असणार.

तुझी पाठ होती तेव्हा मी विचारलं, कार्ड का टाकलं नाहीस.

'टाकणारच होतो,' तू म्हणालास. 'शनिवारी सकाळी लिहायला बसलो, उशीर झाला होता तरी. येऊ नका लिहूनसुद्धा झालं होतं. तेवढ्यात तुमचं दुसरं आलं.'

'त्यात तर काहीच नव्हतं.'

'तेच ना. वाचतोय, वाचतोय, आता पडतील, आता कुत्रं चावेल, आता साखर उतरेल. आणि शेवटी काय, तर पाय शाबूत आहेत. जीव टांगणीला लावून ठेवला होता तुम्ही.'

मला वाटलं तू हसशील, मग मीही हसेन. तू हसला नाहीस. फडक्याची गाठ जरा जास्तच आवळलीस, आणि ती सैल कर असं मीही म्हटलं नाही.

मग तुझी सुट्टी संपली. कपाटाच्या वरच्या फळीवर पाव आहे, पांघरूण पेटीत आहे, नळाला पाणी पाचला येतं, असं सगळं तू सांगितलंस. मी किती दिवस राहणार, हे विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही, कारण मला ठाऊक नाही. दारात तू म्हणालास, येतो. आणि थांबलास. मी काय विचारणार ते तुला ठाऊक होतं, तू त्याचीच वाट बघत उभा होतास. मी बरं म्हटलं. किती वाजता येशील, हे मी विचारलं नाही. लक्षात आलं का तुझ्या?

तू उतरून गेलास तेव्हा मी खिडकीत आलो नव्हतो. तू वळून बघितलंस का, ते म्हणून मला सांगता येत नाही.

दुपारभर मी खुर्चीत बसून आहे. खोली चांगली आहे. एक कॉट, एक टेबल, एकच पेला. भिंतीवर काही लावलेलं नाहीस. शेजारच्या खोलीत कुणीतरी शिवणयंत्र चालवतं आणि मधेच थांबवून खोकतं. तुझ्या उशाखाली मी हात घातलेला नाही. दुसरं पत्र घडीवर विरत चाललंय, त्याला मागून चिकटपट्टी लाव. आणि फोन खाली वाण्याकडे आहे हे मला येतानाच दिसलं होतं, तरी आज मी घरी रिंग दिली नाही. द्यावी की नाही याचा विचार केला. पण तिकडे कुणी वाट बघत नव्हतं आणि इथे कुणीतरी बर्फ बांधून गेलं होतं. मग कुठे पोचलो म्हणून कुणाला कळवायचं, ते समजेना.

गुडघ्यावरचं फडकं ओलं झालंय. सोडलं नाही.

अंधारायला लागलं आणि आत्ताच भोंगा झाला, म्हणजे पाळी सुटली. तुला घरी यायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही. वाटेत तू कुठे थांबत असशील, मित्रांबरोबर चहा घेत असशील, तेही ठाऊक नाही. सावकाश ये. मी दिवा लावत नाही. हे पेल्याखाली ठेवतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. तू दार उघडशील तेव्हा मी झोपलेला असेन. हलवू नकोस. हलवलंस तर लगेच जाग येईल, आणि इतक्या लगेच कशी आली असं तुला वाटेल.

बाबा